सुभद्रेचे काजू कोण खातं

सुभद्रा खवणेकरीण कोणावर चटकन विश्वास ठेवील तर शपथ. कोळणीने बांगडे ताजे म्हटले की ही कल्ले उघडून बघायची, आणि कल्ले लाल निघाले की वरून रंग तर लावला नाही ना म्हणून बोट घासून बघायची. वेंगुर्ल्याजवळच्या उभ्यादांड्यातले लोक हसायचे. त्यांना हसायला काय जातंय? त्यांचे घरधनी रोज जेवायला घरी असत. जिचा नवरा वर्षाचे दहा महिने आगबोटीवर, तिने संशय घ्यायचा नाही तर कोणी घ्यायचा?

नवरा परशुराम मालवाहू बोटीवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वैपाकी. चोपन्न साली तो त्या बोटीवर लागला. दर थंडीत ती बोट अँटवर्प, रॉटरडॅम अशी बंदरं घेत नाताळाच्या सुमाराला हॅम्बर्गला लागायची. नाताळात तिथली गोदी बंद, म्हणून आठवडाभर मुक्काम तिथेच. मग पौषात परशुरामचं पत्र यायचं आणि सोबत एक रंगीत चित्राचं कार्ड. सुभद्रेला वाचता येत नव्हतं. त्यामुळे दुकानदार गुरुदास संध्याकाळी तिच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बसून पत्र वाचायचा, आणि गुरुदास वाचणार म्हटल्यावर अर्धी वाडी गोळा व्हायची. पत्र घरचं आणि ऐकणारे गावचे, अशी ती तऱ्हा.

पत्रं होतीही ऐकण्यासारखी. अँटवर्पच्या चौकात म्हणे नाताळाला माडाएवढं हिरवं झाड उभं करतात आणि त्याला बुडापासून शेंड्यापर्यंत दिवे लावतात. रॉटरडॅमच्या दुकानांत काचेमागे बाहुल्या आपोआप नाचतात. हॅम्बर्गला बर्फ पडतं ते खवलेल्या खोबऱ्यासारखं, आणि बायाबापडे हातात भाजलेल्या बियांचे पुडे घेऊन गात हिंडतात. त्या बिया चवीला थेट आपल्या फणसाच्या आठळ्यांसारख्या. लोक आ वासून ऐकायचे. शेजारची सुगंधा तर कार्ड नाकाशी नेऊन विलायतेचा वास येतो का बघायची. सुभद्रा खांबाला टेकून ऐकायची आणि तिच्या मनात पाल चुकचुकायची.

पहिली गोष्ट चवथीची. भादव्यात गणपतीला परशुराम घरी हजर, एकही वर्ष चुकलं नाही. वाडीतला बाबू तांडेल तसल्याच बोटीवर होता, त्याने पाच वर्षांत घरचा गणपती बघितला नव्हता. बोटीवर रजा मागून मिळत नाही, असं बाबूची बायको डोळे पुसत सांगायची. मग ह्यालाच बरी नेमकी चवथीला मिळते! कोणाची तरी खास मर्जी असल्याशिवाय हे होत नाही.

दुसरी गोष्ट लोकरीची. दर रजेत त्याच्या ट्रंकेत लोकरीचं काहीतरी नवीन असायचं. एका वर्षी मोजे, एका वर्षी कानटोपी, एका वर्षी लाल मफलर. मोठ्या दुकानातून घेतला, असं परशुराम सांगायचा. सुभद्रेने तो मफलर पदराखाली घालून आपोलिनाबायकडे नेला. आपोलिना वेंगुर्ल्याच्या शाळेत शिकवायची आणि चर्चच्या अंगाला राहायची. दोन्ही घरांचा जुना घरोबा. दर नाताळाला तिच्याकडून नेवऱ्या, दोदोल अशा गोडाचं ताट सुभद्रेकडे यायचं आणि ते ताट कधी रिकामं परत जायचं नाही. दिवाळीतलं काही उरलेलं नसलं तर मूठभर कोकमं तरी त्यावर पडायची. तशी पद्धतच आहे, शेजाऱ्याचं ताट रिकामं पाठवलं तर आपलंच नाक कापलं जातं.

आपोलिनाने मफलर उलटासुलटा केला. "हो मफलर दुकानातलो नाय गो सुभद्रे," ती म्हणाली. "कोणा बायलमाणसान हातान विणलेलो आसा. हयसर टाको पण सुटलो आसा."

सुभद्रा मफलर घेऊन घरी आली. आता ती डोळ्यांत तेल घालून बघायला लागली, आणि बघणाऱ्याला काय, सगळंच दिसतं. परशुरामने पंचावन्न साली घेतलेले काळे बूट होते. पुढच्या कितीतरी रजांत ती ते पुसून उन्हात ठेवायची. एकदा तिने ते उलटे केले. तळ कोरे! दरवर्षी तीन तीन शहरं पालथी घालणाऱ्या माणसाच्या बुटांचे तळ झिजू नयेत? चालत नाही म्हणजे बसतो. बसतो म्हणजे कोणाच्या तरी घरात, शेगडीजवळ, बूट काढून. तिला ती खोली दिसायलाच लागली. खोलीत विणत बसलेली बाईसुद्धा दिसायला लागली, गोरी आणि भरल्या अंगाची.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे काजू. उन्हाळ्यात सुभद्रा वेंगुर्ल्याच्या कारखान्यात काजूच्या बिया फोडायला जायची. टरफलातलं तेल बोटांना लागलं की सालटी निघतात. राख चोळा नाहीतर खोबरेल लावा, पाऊस सुरू होईपर्यंत बोटं काळी ती काळीच. घरामागे तिची स्वतःची चार झाडं होती. त्यांच्या बिया ती घरी भाजून फोडायची आणि अख्खे पांढरे गर बरणीत वेगळे ठेवायची. दर रजेच्या शेवटी परशुराम त्यांतले दोन शेर कापडी पिशवीत शिवून न्यायचा. कोणासाठी? तर कप्तानाला आवडतात. एका वर्षी कप्तान बदलला, हे गुरुदासने पत्रात वाचलं होतं. तरी पुढच्या खेपेला काजू गेलेच. नव्या कप्तानालाही आवडतात म्हणे.

बोटं हिची जळायची आणि गर त्या मफलरवालीच्या तोंडात. हे मनात आलं की सुभद्रेला अन्न गोड लागत नसे. मग सरळ विचारलं का नाही? विचारणार कसं! तो नाही म्हणाला असता तर तिला खरं वाटलं नसतं, आणि हो म्हणाला असता तर तिने काय करायचं होतं? माहेरी आईबाप राहिले नव्हते. आणि खरं सांगायचं तर तो माणूस तिला आवडायचा. चवथीच्या सकाळी गणपती डोक्यावर घेऊन तो पाणंदीतून यायचा तेव्हा अजूनही तिचा ऊर भरून यायचा. तो आपला आहे की अर्धा दुसऱ्या कोणाचा, एवढंच तिला कळायला हवं होतं.

माणसाला विचारता येत नाही म्हणून बासष्टच्या शिमग्याआधी ती देवीला विचारायला गेली. आमच्याकडे देवीचा कौल घेतात. गुरव देवीच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. घरधन्याचं मन घराबाहेर नसेल तर उजवी दे, असं सुभद्रेने मागितलं. धोंडू गुरवाचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी टपकन पडली. दुसरी एखादी बाई नारळ ठेवून सुखाने घरी गेली असती. ही अर्ध्या वाटेत थबकली. परशुराम दर रजेत धोंडूला विलायती तंबाखूचा डबा आणून देतो, हे तिला आठवलं. देवी खोटं सांगणार नाही, पण उजवी पाकळी जरा कोरडीच चिकटवली नसेल कशावरून? तिने देवीला तिथूनच हात जोडले आणि संशय होता तसाच घरी आणला.

पुढच्या वर्षी, त्रेसष्टच्या आषाढात, हॅम्बर्गहून एक पाकीट आलं. वर परशुरामचं नाव छापील अक्षरांत. पोस्टमनने ते धो धो पावसात तिच्याच हातात दिलं, गुरुदासपर्यंत पोचलंच नाही. ते आतून इंग्रजीत आहे हे तिला पोस्टमननेच सांगितलं, कारण त्याने पाकीट उजेडाला धरून बघितलं होतं. दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडू नये हे सुभद्रेला कळत होतं. तिने ते फोडलं आणि चिखल तुडवत आपोलिनाबायचं घर गाठलं.

आपोलिना चष्मा लावून मनातल्या मनात वाचायला लागली, तर सुभद्रेने तिचा हात धरला. "मोठ्यान वाच. आणि एक अक्षर गाळू नको."

पत्र एका पाद्रीबाबाचं होतं. हॅम्बर्गच्या गोदीजवळ खलाशांसाठी एक विसाव्याचं घर होतं, ते हा पाद्री चालवायचा. तिथल्या बाया वर्षभर परमुलखातल्या खलाशांसाठी लोकरीचं विणतात आणि नाताळाला त्याच्या पुड्या बोटींवर वाटतात. नऊ वर्षांमागे अशीच एक पुडी परशुरामला मिळाली. बाकीच्यांनी पुड्या घेतल्या, आभार मानले, संपलं. पुढच्या नाताळाला पाद्री बोटीवर चढला तेव्हा या भंडाऱ्याने त्याच्या हातात काजूची पिशवी ठेवली. ज्या बाईने विणलं तिला द्या म्हणाला. नाताळाचं ताट आमच्याकडे रिकामं परत जात नाही. पाद्रीने लिहिलं होतं की एवढी वर्षं पुड्या वाटतोय, पण धर्मादाय वस्तूला शेजाऱ्याचं ताट समजणारा माणूस दुसरा भेटला नाही.

ती बाई म्हणजे फ्रीडा नावाची एक विधवा, तिचं वयही पत्रात होतं. तेव्हापासून दर नाताळाला तिची पुडी काजूवाल्यासाठी निघते आणि काजूची पिशवी तिच्याकडे जाते. दोघांनी एकमेकांना बघितलेलं नाही. आता तिचे पाय थकले आहेत आणि या माणसाला एकदा आपल्या टेबलाशी बसवून जेवू घालावं अशी तिची इच्छा आहे. दरवर्षी मी बोलावतो, पण तुम्ही पहाऱ्याची पाळी आहे म्हणून सांगता. म्हणून मी बोटीवर चौकशी केली आणि तुमच्या घरचा पत्ताही तिथूनच घेतला, असं पाद्री पुढे लिहीत होता. तेव्हा कळलं की तुम्ही पाळी मागून घेता. नाताळाच्या आठवड्यात सगळे शहरात मजा करायला जातात आणि तुम्ही एकटे मागे राहून त्यांचा पहारा देता, चूल सांभाळता. त्याच्या बदल्यात तुमचा वरिष्ठ, बटलर, तुमची रजा तुमच्या देवाच्या सणाला बसवून देतो. त्या देवाचं तोंड हत्तीचं आहे असं मला सांगण्यात आलं. नऊ वर्षांत तुम्ही बोटीची शिडी उतरून एकदाही शहरात आलेला नाहीत. एकदा या.

हत्तीच्या तोंडापाशी आपोलिनाला हसू आलं. सुभद्रा हसली नाही. तिने विचारलं, "म्हातारेचा वय किती म्हटलंस?"

एकोणऐंशी, आपोलिनाने सांगितलं. सुभद्रेने तो आकडा स्वतः बोट ठेवून बघितला. कारखान्यात डब्यांवर वजनं लिहिलेली असत, तेवढे आकडे तिला येत होते. सात आणि नऊ. खोडलेलं नव्हतं, शाई फुटलेली नव्हती. मग ती भिंतीला टेकून खाली बसली. इतकी वर्षं उरावर बसलेली ती गोरी, भरल्या अंगाची बाई उठून गेली आणि सुभद्रेला रडूच कोसळलं. ते ओसरलं तसा राग आला. म्हणजे ती झाडं, ते दिवे, त्या नाचणाऱ्या बाहुल्या, सगळ्या थापा! गुरुदासला, सुगंधाला आणि मला एकाच रांगेत बसवून हा माणूस नऊ वर्षं फसवत होता. आणि घरी परत येताना तो रागही पावसात विरघळला. कारण कोरे तळ तिला आता नीट समजले होते. तो कोणाच्या शेगडीजवळ बसला नव्हता. तो चुलीपुढे बसला होता, भर नाताळात, रिकाम्या बोटीवर, एकटा.

चवथीला परशुराम आला. दुसऱ्या दिवशी खळ्यात माणसं जमली आणि गुरुदासने औंदा काय नवीन म्हणून विचारलं. परशुरामने हॅम्बर्गच्या तळ्यातल्या होड्यांना लावलेले दिवे वर्णायला घेतले. सुभद्रा दारात नारळ खवत होती. तिने एकदाही मान वर केली नाही. आपण वर बघितलं तर त्याची जीभ अडखळेल, ही तिला भीती. विसर्जन झालं, पाहुणे पांगले, तेव्हा ती त्याला घरामागे काजूच्या झाडाखाली घेऊन गेली आणि शिवलेली पिशवी त्याच्या हातात दिली.

"तीन शेर घातलंय," ती म्हणाली. "म्हातारेक सांगा, बायकोन दिल्यान."

परशुरामने पिशवीचं वजन हाताने तोलून बघितलं. मग तिने पत्र आल्याचं, फोडल्याचं, वाचून घेतल्याचं सगळं सांगितलं. तो विहिरीच्या कठड्यावर बसला. कार्डं बघून आणि परत येणाऱ्या खलाशांच्या गप्पा ऐकून लिहीत होतो, हे त्याने कबूल केलं. कशासाठी म्हणून तिने विचारलं तेव्हा त्याला थोडा रागही आला.

"पत्र गुरुदास सगळ्यांसमोर वाचता," तो म्हणाला. "सुभद्रेचो घोव विलायतेक जावन कांदे सोलता, असा लिवू?"

"माका तरी सांगूचा होता."

"तुका सांगलेला असता तर तू म्हटला असतंस, चवथीक येव नकात, थंयसर काय तां बघून घेवा."

"तांच आता म्हणतंय," सुभद्रा म्हणाली. "ह्या नाताळाक शहरात जावा. फुडल्या चवथीक नाय इलात तरी चलात."

त्याने पुष्कळ आढेवेढे घेतले, पण ती हटली नाही. शिवाय तिने बजावलं की पत्र आपोलिनाबायच्या पत्त्यावर घालायचं आणि खरं तेच लिहायचं, कारण आपल्याला खोटं लगेच कळतं. नऊ वर्षं कळलं नव्हतं, पण ते त्याने काढलं नाही. शहाणा माणूस.

चौसष्टच्या जानेवारीत आपोलिनाकडे पत्र आलं. परशुराम नाताळाच्या दिवशीच शहरात उतरला होता, कारण खरी मजा त्या दिवशी असणार असं त्याला वाटलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानं बंद, काचांवर लोखंडी पडदे. बर्फ नव्हतं, आपल्या आषाढासारखी झिमझिम होती, फक्त हाडं गारठवणारी. तिथल्या चौकातही झाड सापडलं, पण दिवसा त्याचे दिवे विझवलेले. नाताळाला ते लोक आपापल्या घरात दारं लावून बसतात, हे बोटीवर कोणी सांगितलंच नव्हतं. कागदावरचा पत्ता दाखवायला माणूस मिळेपर्यंत तास गेला आणि बुटांनी टाचा सोलल्या. म्हातारी तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहते. तिने उकडलेला मासा वाढला, त्याला ना तिखट ना कोकम. माशाची एवढी दशा त्याने जन्मात बघितली नव्हती, पण तो सगळा जेवला. काजू कोणत्या यंत्राने फोडता, असं तिने खुणांनी विचारलं. त्याला सांगता येईना. मग त्याने शेगडीतला कोळसा घेऊन आपली बोटं काळी केली आणि तिच्यापुढे धरली, आणि बायको म्हणून हाताने खूण केली. तिला समजलं. मग तिने ती बोटं आपल्या फडक्याने पुसली, असं त्याने लिहिलं होतं.

सुभद्रेने ते पत्र दोनदा वाचून घेतलं. त्यातलं अक्षर न् अक्षर तिला खरं वाटलं. थाप मारायचीच झाली तर इतकं रुक्ष शहर कोण रचील?

बोलल्याप्रमाणे चौसष्टच्या चवथीला परशुराम आला नाही. त्याची रजा त्या वर्षी दुसऱ्याला गेली. गणपती डोक्यावरून आणायला धोंडू गुरवाला बोलवावं लागलं. आणि नऊ वर्षं चुकली नाही ती चवथ चुकल्यावर लोक गप्प बसतात होय? त्याला तिकडे कोणीतरी गावली असणार, असं सुगंधाने आडून आडून म्हटलं. तसं काही नाही, मीच येऊ नका म्हटलं होतं, असं सुभद्रेने सांगितलं. सुगंधाने गुरुदासकडे बघितलं. मग विलायतेची हकीकत काय, असं गुरुदासने विचारलं. सुभद्रेने होतं तसं सांगितलं, दुकानं बंद, रस्ते रिकामे, बर्फ नाही. गुरुदास हसायलाच लागला. नऊ वर्षं पत्रं मी वाचतोय आणि नाताळात दुकानं बंद म्हणून मला सांगतेस? बाई काहीतरी झाकते आहे हे सगळ्यांनी ओळखलं आणि तिची कीव करत सगळे आरतीला उभे राहिले.

आरती चालली, पण तिला नेटाने वर उचलणारा आवाज नव्हता. मखराच्या डाव्या बाजूला परशुराम उभा राहायचा, तिथे आता कोणाचातरी पाहुणा उभा होता. एवढ्या एका दिवसासाठी तो माणूस नऊ नाताळ बोटीवर बसून राहिला, हे ती वर्षभर नुसतं म्हणत होती. ते किती असतं हे तिला त्या आरतीत कळलं. ती मागच्या पडवीत जाऊन पदर तोंडाला लावून रडली. आपोलिनाबाय गणपतीला आली होती, ती तिच्यामागून पडवीत आली.

"खराच तू तेका येव नको म्हटलं होतंस?" तिने विचारलं.

"म्हटलंय," सुभद्रा म्हणाली. "पण परत कधी म्हणूचंय नाय."